डिझाइन सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन

फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन, प्रीमियर असली पोटापाण्याची सॉफ्टवेअरं एकदाच पैसे मोजून न घेता महिन्याच्या नाहीतर वर्षाच्या भाड्यावर वापरायची पद्धत. भाडं चालू तोवर प्रोग्रॅम चालू, नवीन व्हर्जन फुकट, भाडं थांबलं की प्रोग्रॅमही थांबला. मुंबईकराला एका वाक्यात सांगायचं तर पागडीची खोली गेली आणि लिव्ह अँड लायसन्स आलं. (तसं बघायला गेलं तर सीडीचा डबा विकत आणायचो तेव्हाही कायद्याने आपल्याला लायसन्सच मिळायचं, पण त्या लायसन्सला मुदत नव्हती.)

ही पद्धत या धंद्यात रुळवली ती वरची चारही सॉफ्टवेअरं बनवणाऱ्या अडोबी कंपनीने. २००३ पासून त्यांचा क्रिएटिव्ह सूट डब्यात मिळायचा, दीड-दोन वर्षांनी नवीन आवृत्ती यायची, ज्याला हवी तो अपग्रेड घ्यायचा आणि ज्याला नको तो जुन्यावरच निवांत काम करायचा. २०१२ मध्ये क्रिएटिव्ह सूट ६, म्हणजे सीएस६ आला आणि त्याच सुमारास क्रिएटिव्ह क्लाउड नावाने भाड्याचा पर्यायही आला. तोपर्यंत दोन्ही चालू होतं म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही. मे २०१३ मध्ये कंपनीने जाहीर केलं की आता पुढची व्हर्जन फक्त भाड्यानेच, आणि मग मात्र जगभर बोंबाबोंब झाली, ऑनलाइन अर्जांवर हजारोंनी सह्या केल्या. कंपनी हलली नाही. तेव्हाचे सीईओ शंतनू नारायण, मूळचे हैदराबादचे. २०१२ मध्ये कंपनीची उलाढाल ४.४ अब्ज डॉलर होती, २०१३ मध्ये ती थोडी घसरली, नफा तर जोरात आपटला, पण २०२४ मध्ये उलाढाल २१.५ अब्जांवर गेली. बघून बाकीचेही त्याच वाटेने गेले, ऑटोडेस्कने २०१६ मध्ये नकाशांचं ऑटोकॅड, थ्रीडीचं माया वगैरेंची कायमची लायसन्स विकणं बंद केलं.

आता हिशोब. अमेरिकेत फोटोशॉप सीएस६ चा डबा ६९९ डॉलरला होता, अपग्रेड १९९ ला. भाडं सुरुवातीला एका प्रोग्रॅमचं महिन्याला साधारण २० डॉलर, म्हणजे वर्षाला २४०. नवीन माणसाला हे स्वस्तच पडलं, कारण एकदम ६९९ काढायची गरज उरली नाही, आणि तीन वर्षं होईपर्यंत बेरीज तिथवर पोचतच नाही. मार बसला तो जुन्या गिऱ्हाइकाला, जो दोन वर्षांतून एकदा १९९ द्यायचा आणि कधीकधी मधली एक आवृत्ती सरळ सोडूनच द्यायचा. ती सोडून द्यायची मुभाच काढून घेतली, माझ्या मते सगळ्या रागाचं मूळ इथे आहे, किमतीत नाही.

दुसरी मेख प्लॅनमध्ये. तीन प्रकार असतात: महिन्याचा, वर्षाचे पैसे एकदम भरायचा, आणि तिसरा जो सगळे घेतात तो, करार वर्षाचा पण पैसे दरमहा. दिसायला महिन्याचा वाटतो पण नाहीये. पहिल्या १४ दिवसांनंतर सोडायला गेलं तर राहिलेल्या महिन्यांच्या भाड्याच्या निम्मी रक्कम द्यावी लागते. समजा महिन्याला ६० डॉलरचा सगळ्या ॲप्सचा प्लॅन घेतला आणि चार महिन्यांत कंटाळलात, तर उरलेल्या आठ महिन्यांचे ४८०, त्यातले २४० द्या आणि मगच सुटका. ही अट नीट दाखवली जात नाही आणि रद्द करायची वाट मुद्दाम अवघड ठेवलीय, असा आरोप करत अमेरिकन सरकारने जून २०२४ मध्ये कंपनीवर खटला भरला.

भारतात वेगळाच घोळ झाला. कार्डावरून आपोआप पैसे कापायचे रिझर्व्ह बँकेचे नवे नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले आणि पैसे खात्यात असूनही कित्येकांची परदेशी सबस्क्रिप्शनं अडकली. नाहीतर आपल्याकडच्या फ्लेक्सवाल्याला या सगळ्याचं सोयरसुतक कमीच, त्याच्याकडे कोरल ड्रॉचं कुठलंतरी जुनं क्रॅक व्हर्जन आणि त्यावर युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच राहावी अशी अक्षरांची पद्धत) नसलेले मराठी फॉन्ट, वाढदिवसाचा बॅनर दहा मिनिटांत तयार. पण ज्याला युनिकोड मराठी हवंय त्याला नव्या व्हर्जनचा मोह पडतोच. कारण जुन्या फोटोशॉपमध्ये प्रेफरन्समधलं दक्षिण आशियाई लिपीचं सेटिंग लावलं नसेल तर जोडाक्षरं तुटायची आणि पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायची ती उजवीकडे जाऊन बसायची.

पर्याय नाहीत असं नाही. थ्रीडीचं ब्लेंडर, चित्रं काढायचं क्रिटा, इलस्ट्रेटरसारखं इंकस्केप फुकट. व्हिडिओ एडिटिंगच्या दाविंची रिझॉल्व्हची साधी आवृत्ती फुकट आणि स्टुडिओ ही मोठी आवृत्ती २९५ डॉलरला एकदाच. ब्रिटनच्या सेरिफ कंपनीचं डिझाइनचं सॉफ्टवेअर ॲफिनिटी तर 'एकदाच पैसे' याच गोष्टीवर नावारूपाला आलं, २०२४ मध्ये ते कॅनव्हाने घेतलं तेव्हा लोकांच्या पोटात गोळा आला, पण २०२५ मध्ये त्यांनी ते चक्क फुकट करून टाकलं (एआयची फीचर्स मात्र पैसे भरणाऱ्यांनाच).

भाडं थांबल्यावर फाइल कुठे जात नाही, ती आपल्याच डिस्कवर असते, उघडायची किल्ली तेवढी जाते. अडोबीचंच फोटोंचं लाइटरूम क्लासिक त्यातल्या त्यात दयाळू, फोटो बघता येतात, एक्स्पोर्ट करता येतात, फक्त डेव्हलप (फोटो सुधारायचा भाग) आणि मॅप (नकाशावर फोटो बघायचा भाग) बंद पडतात. इनडिझाइनचं तसं नाही. नव्या व्हर्जनमधली फाइल सीएस६ वाल्या छापखान्यात उघडतच नाही, मग फोन येतो, "आयडीएमएल करून पाठवा" (म्हणजे जुन्या व्हर्जनलाही उघडता येईल असा इनडिझाइन फाइलचा प्रकार). ती उघडते, पण ओळी कुठेतरी सरकलेल्या असतात, म्हणून पूर्ण पुस्तक परत पहिल्या पानापासून तपासायला बसायचं. सबस्क्रिप्शन बंद करायचं ठरलंच असेल तर आदल्या आठवड्यातच सगळ्या कामांच्या आयडीएमएल आणि पीडीएफ काढून ठेवा, नंतर त्या काढायला परत एक महिना भरावा लागतो.