‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटत्रयी : प्रेक्षकांची मते

जे. आर. आर. टॉल्कीन (१८९२–१९७३) यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही इंग्रजी कादंबरी १९५४–५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. हॉबिट या ठेंगण्या जमातीतला फ्रोडो भ्रष्ट करणारी एक जादूची अंगठी नष्ट करण्यासाठी मॉर्डॉर या शत्रूच्या देशाकडे निघतो; सोबत मित्र सॅम असतो आणि पुढे अंगठीने पछाडलेला गॉलम वाटाड्या होतो, अशी ही कथा. न्यूझीलंडचे दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी या कादंबरीवर तीन चित्रपट काढले. ते डिसेंबर २००१, डिसेंबर २००२ आणि डिसेंबर २००३ असे वर्षाच्या अंतराने प्रदर्शित झाले. या चित्रपटांविषयी प्रेक्षकांनी, विशेषतः कादंबरीच्या जुन्या वाचकांनी, मांडलेली मते आणि त्यांवरून झालेले वाद हा या नोंदीचा विषय आहे.

चित्रपटांचे यश वादातीत आहे. तिसऱ्या चित्रपटाला ११ ऑस्कर नामांकने होती आणि ती सगळीच्या सगळी पारितोषिकांत उतरली. एक अब्ज डॉलरपेक्षा जास्त गल्ला जमवणारा तो ‘टायटॅनिक’नंतरचा दुसराच चित्रपट. तरीही पुस्तक कोळून प्यालेल्या वाचकांची नाराजी या यशाने संपली नाही. या नाराजीचा कल मात्र ध्यानात घेण्यासारखा आहे. कादंबरीतला जो भाग गाळला, त्याबद्दलची कुरकुर बहुतांशी लवकर ओसरली. ज्या पात्रांचे स्वभाव बदलले, त्यांवरचा वाद अजून चालू आहे.

पूर्वपीठिका : चित्रपटाचा विषय टॉल्कीन यांच्या हयातीतच निघाला होता. १९५७ मध्ये एक अमेरिकी पटकथा त्यांच्याकडे आली. तिच्यावर त्यांनी १९५८ मध्ये लिहिलेली सविस्तर टीका त्यांच्या पत्रसंग्रहात छापलेली आहे. पटकथाकाराने ऊठसूट गरुड वापरल्याबद्दल ते वैतागले होते. गरुड ही कथेतली धोकादायक सोय आहे, ती जपूनच वापरावी, असे त्यांचे म्हणणे. (‘गरुडांवर बसून थेट मॉर्डॉरला का गेले नाहीत?’ हा प्रश्न आजचे प्रेक्षकही सोडत नाहीत.) त्याच पत्रात त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला आहे. वृक्षरूपी एंट आणि हॉर्नबर्गच्या किल्ल्याची लढाई या दोन्हींना पुरेसा वेळ देता येत नसेल, तर लढाई गाळावी, कारण मुख्य कथेत ती आनुषंगिक आहे. जॅक्सन यांच्या दुसऱ्या चित्रपटाचा सारा उत्कर्ष याच लढाईवर उभा आहे, आणि तो पाहून प्रेक्षक खूश झाले.

व्यवहाराच्या बाबतीत टॉल्कीन यांचे धोरण रोखठोक होते : एकतर भरपूर पैसा द्या, नाहीतर आक्षेपार्ह गोष्टींवर लेखकाचा नकाराधिकार मान्य करा. १९६९ मध्ये हक्क युनायटेड आर्टिस्ट्स या चित्रपट कंपनीकडे गेले. १९७८ मध्ये दिग्दर्शक राल्फ बक्षी यांचा सचेतपट (ॲनिमेशनपट) आला. तो कथेच्या साधारण मध्यावर, हेल्म्स डीपच्या (म्हणजे वर आलेल्या हॉर्नबर्गच्याच) लढाईनंतर, संपतो. पण हा केवळ पहिला भाग आहे असे शीर्षकात कुठेही नव्हते. अर्धी गोष्ट पाहून बाहेर पडलेले प्रेक्षक चिडले आणि दुसरा भाग कधी निघाला नाही. त्यानंतर वीस-बावीस वर्षे ‘या कादंबरीवर चित्रपट होऊच शकत नाही’ हे मत जवळजवळ सर्वमान्य होते.

जॅक्सन यांच्या चित्रपटाबद्दलची उत्सुकता या अविश्वासातूनच वाढली. एप्रिल २००० मध्ये इंटरनेटवर पहिली झलक आली, तेव्हा पहिल्या २४ तासांत ती सुमारे १७ लाख वेळा डाउनलोड झाली. त्या काळच्या जोडण्यांचा वेग लक्षात घेता हा आकडा थक्क करणारा होता. चित्रीकरण चालू असतानाच वाचक एकेक बातमी हुडकून काढत आणि तिच्यावर तुटून पडत. एल्फ या अमर जमातीतली राजकन्या आर्वेन हेल्म्स डीपच्या लढाईत तलवार चालवणार, ही बातमी फुटताच असाच गदारोळ झाला. ती दृश्ये काही प्रमाणात चित्रित झालेली होती. अंतिम चित्रपटात ती नाहीत.

गाळलेले प्रसंग : कादंबरीच्या पहिल्या खंडातला टॉम बॉम्बाडिल हा गाणारा, अंगठीचा ज्याच्यावर काडीचाही परिणाम होत नाही असा विलक्षण इसम चित्रपटात मुळीच नाही. प्रदर्शनापूर्वी यावर बरीच आदळआपट झाली. चित्रपट आल्यावर बहुतेकांनी मान्य केले, की तीन तासांच्या पटकथेत त्याला जागा करून देणे अवघडच होते. दुसऱ्या चित्रपटाच्या विस्तारित आवृत्तीत त्याची वाक्ये ट्रीबर्ड या एंटच्या तोंडी आली. जाणकारांनी ती बरोबर ओळखली आणि त्यांना बरेही वाटले.

अखेरचे ‘शायरची सफाई’ हे प्रकरण गाळल्याची खंत याहून खोल आहे. कादंबरीत मोहिमेवर गेलेले चारही हॉबिट घरी, म्हणजे शायरला, परततात तेव्हा गाव गुंडांच्या ताब्यात गेलेले असते, झाडे तोडलेली असतात, आणि ते परत मिळवण्यासाठी त्यांनाच लढावे लागते. युद्धाची झळ कोणाच्याच घराला चुकत नाही, हे टॉल्कीन यांनी येथे दाखवले. चित्रपटात गाव जसेच्या तसे. जळणारे शायर दिसते ते केवळ गॅलड्रिएल या एल्फ राणीच्या जादूच्या आरशात. कित्येक वाचकांच्या मते यामुळे कथेचा शेवट गोड झाला, पण हलका झाला.

याच शेवटाबद्दल दुसऱ्या बाजूची तक्रार नेमकी उलट आहे. पुस्तक न वाचलेल्यांना तिसरा चित्रपट संपता संपत नाही असे वाटले. पडदा काळा होतो, लोक उठू लागतात, आणि पुन्हा नवे दृश्य सुरू होते : फ्रोडोला जाग येणे, राज्याभिषेक, गावी परतणे, सॅमचे लग्न, बंदरावरचा निरोप. वाचकांना यात वावगे काही दिसले नाही. कादंबरीच्या सहाव्या भागात नऊ प्रकरणे आहेत आणि अंगठी तिसऱ्यातच नष्ट होते; उरलेली सहा प्रकरणे आवराआवरीचीच आहेत. एकाच वीस मिनिटांबद्दल एक गट ‘फार लांबले’ म्हणतो आणि दुसरा ‘फार उरकले’, हे रूपांतरित चित्रपटांच्या बाबतीत नेहमीचे असले, तरी इतके उघड क्वचितच दिसते.

बदललेली पात्रे : सर्वांत कडवट वाद फारामिरवरून झाला. कादंबरीत हा गॉन्डोर या मानवी राज्याचा सरदार अंगठी हाती येण्याजोगी असूनही तिचा मोह धरत नाही; वाटेवर पडलेली दिसली तरी मी ती उचलणार नाही, असे तो सांगतो आणि तसाच वागतो. चित्रपटातला फारामिर फ्रोडोला बांधून ऑस्गिलियाथच्या पडक्या शहरापर्यंत नेतो आणि तेथे त्याचे मन पालटते. पटकथेत जॅक्सन यांच्या सहकारी असलेल्या फ्रॅन वॉल्श आणि फिलिपा बॉयन्स यांची बाजू अशी : दोन चित्रपटभर अंगठी भल्याभल्यांना भ्रष्ट करते असे दाखवायचे आणि एकाने तिच्याकडे सहज पाठ फिरवायची, हे पडद्यावर पटत नाही. शिवाय कोळीण शेलॉबचा प्रसंग तिसऱ्या चित्रपटात ढकलल्याने दुसऱ्यात फ्रोडोच्या वाट्याला काहीतरी संकट हवेच होते. रचनेच्या अंगाने हे उत्तर बिनतोड आहे. पण आपल्या पात्रांपैकी कोणी आपल्यासारखा असेल तर तो फारामिर, असे टॉल्कीन यांनीच एका पत्रात लिहून ठेवले आहे, आणि वाचकांना हे ठाऊक होते. त्यामुळे हा बदल त्यांना जिव्हारी लागला.

फ्रोडोबाबतची तक्रार त्यामानाने कमी गाजली, पण प्रस्तुत लेखकाला ती अधिक वजनदार वाटते. पुस्तकातला फ्रोडो गाव सोडतो तेव्हा पन्नाशीचा असतो. वेदरटॉप या टेकडीवर शत्रूच्या काळ्या स्वारांनी घेरल्यावर तो ओरडून त्यांच्या म्होरक्यावर तलवारीचा वार करतो. पुढे नदीच्या उतारावर तो जखमी, एकटा, ग्लॉरफिंडेल या एल्फाच्या घोड्यावर बसून नऊही स्वारांना माघारी जायला बजावतो. चित्रपटात वेदरटॉपवर तलवार त्याच्या हातून गळून पडते, आणि नदीवर आव्हान देते ती आर्वेन. फ्रोडो तिच्यापुढे अर्धवट शुद्धीत बसलेला असतो. आर्वेनला काम मिळाले याचे अनेकांनी स्वागत केले. मात्र नायकाच्या खात्यातून धैर्य काढून दुसऱ्याच्या खात्यात जमा झाले, हा आक्षेप त्याने खोडला जात नाही.

तिसऱ्या चित्रपटात कड्यासारख्या उभ्या पायऱ्यांवर फ्रोडो सॅमला घरी हाकलून देतो. गॉलमने पावाचे कण सॅमच्या अंगावर झटकलेले असतात आणि फ्रोडोला ते चोरीचा पुरावा वाटतात. कादंबरीत असे काही घडत नाही, दोघे बोगद्यात बरोबरच शिरतात. या दृश्यावर वाचक आणि न वाचलेले दोघेही नाखूश होते : एकांना ते पदरचे म्हणून खटकले, दुसऱ्यांना फ्रोडो इतका भोळा कसा म्हणून.

याशिवाय बुटक्या गिम्लीला विनोदापुरता ठेवणे, एल्फ लेगोलासने ढालीवरून पायऱ्या घसरत बाण सोडणे, गॉन्डोरचा कारभारी डेनेथॉर याला निव्वळ खुनशी म्हातारा करणे, मृतांच्या सेनेने गॉन्डोरच्या मिनास तिरिथ या राजधानीची लढाई चुटकीसरशी निकालात काढणे, यांवर नापसंती आहे. गॉन्डोरच्या गादीचा वारस ॲरॅगॉर्न याचे उदाहरण वेगळे. कादंबरीत तो आपला हक्क ठामपणे सांगणारा आहे, चित्रपटात राजपदापासून पळणारा. बदल मोठा असूनही त्यावर फारसा ओरडा झाला नाही. व्हिगो मॉर्टेन्सन यांच्या अभिनयाकडे याचे बरेच श्रेय जाते.

एकमुखाने वाखाणलेल्या बाबी : अँडी सर्किस यांनी साकारलेला गॉलम, हॉवर्ड शोअर यांचे संगीत आणि न्यूझीलंडची भूमी यांबद्दल तक्रार करणारा प्रेक्षक शोधावा लागतो. गॉलम स्वतःशीच भांडतो ते दृश्य संगणकाने घडवलेल्या पात्राचे असूनही लोक त्याच्यासाठी हळहळले. दृश्यरचनेसाठी ॲलन ली आणि जॉन हाउ यांना बोलावले होते. दोघेही वर्षानुवर्षे टॉल्कीन यांच्या पुस्तकांची चित्रे काढत होते. साहजिकच अनेक वाचकांना पडद्यावरचे जग ओळखीचे वाटले.

संवादांची फिरवाफिरव हाही जाणकारांच्या कौतुकाचा विषय आहे. मिनास तिरिथचे दार फुटत असताना जादूगार गॅन्डाल्फ घाबरलेल्या पिपिन या हॉबिटला मृत्यूपलीकडच्या शुभ्र किनाऱ्यांविषयी सांगतो. ती शब्दरचना कादंबरीत फ्रोडोच्या अखेरच्या सागरप्रवासाच्या निवेदनात येते, तेथे कोणीही बोलत नाही. रोहनच्या राजाची भाची एओविन हिच्या एकाकी रात्रींचे वर्णन पुस्तकात गॅन्डाल्फ सहानुभूतीने करतो. चित्रपटात तेच शब्द राजाचा कपटी सल्लागार वर्मटंग तिच्या कानाशी लागून बोलतो आणि ते अंगावर येतात. मूळ मजकूर न सोडताही तो हलवता येतो, हे येथे पटते.

समीक्षक, कुटुंबीय आणि संशोधक : अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांना पहिला चित्रपट आवडला, पण हॉबिटांना बाजूला सारून तो तलवारबाजीकडे झुकला असे त्यांनी नोंदवले. टॉल्कीन यांचे पुत्र आणि साहित्याचे संपादक ख्रिस्तोफर टॉल्कीन यांनी २०१२ मध्ये फ्रान्सच्या ‘ल मोंद’ दैनिकाला दिलेल्या मुलाखतीत याहून कठोर मत दिले : पुस्तकाचा कोथळा काढून तरुणांसाठी मारधाडपट बनवला गेला.

या चित्रपटांच्या प्रेक्षकांचा अभ्यासही कधी नव्हे इतका मोठा झाला. संशोधक मार्टिन बार्कर यांच्या नेतृत्वाखाली तिसऱ्या चित्रपटाच्या वेळी सुमारे २० देशांत प्रश्नावली फिरवण्यात आली आणि जवळपास २५ हजार उत्तरे आली. चित्रपट किती आवडला एवढेच न विचारता, ही कोणत्या प्रकारची कथा वाटली हेही विचारले होते : महाकाव्य, परीकथा, युद्धकथा, आध्यात्मिक प्रवास, संकटात सापडलेली मायभूमी इत्यादी. तोच चित्रपट पाहून लोक इतकी वेगवेगळी उत्तरे देतात, यावरून ‘प्रेक्षकांना काय वाटले’ हा प्रश्न एकवचनी विचारण्यात अर्थ नाही हे स्पष्ट होते.

विस्तारित आवृत्त्या आणि ‘द हॉबिट’ : घरी पाहण्यासाठी काढलेल्या विस्तारित आवृत्त्यांत प्रत्येक चित्रपटाला साधारण अर्धा ते पाऊण तास किंवा त्याहून जास्त भर पडली. चित्रपटगृहात दुष्ट जादूगार सारुमान याचा शेवट कापला होता, त्यामुळे ती भूमिका करणारे ख्रिस्तोफर ली जाहीरपणे नाराज झाले होते. तो प्रसंग या आवृत्तीत परत आला. कट्टर वाचक याच आवृत्त्यांना खरा चित्रपट मानतात. चाहता मंडळाच्या सदस्यांची नावे श्रेयनामावलीत सुमारे वीस मिनिटे सरकत राहतात, ही जवळीकही त्यात आली.

जॅक्सन यांनीच पुढे टॉल्कीन यांच्या १९३७ च्या ‘द हॉबिट’ या मुलांच्या छोटेखानी पुस्तकाचे तीन चित्रपट केले (२०१२–१४). येथे तक्रारीची दिशाच उलटली. पूर्वी ‘का गाळले?’ असे विचारणारे आता ‘का ताणले?’ असे विचारू लागले. टॉरिएल हे पुस्तकात नसलेले पात्र, तिच्याभोवतीचे ओढूनताणून आणलेले प्रेम, विनाकारण आलेला लेगोलास, सेकंदाला ४८ चौकटींच्या चित्रीकरणामुळे नाटकाच्या नेपथ्यासारखी दिसणारी दृश्ये यांवर टीका झाली. काही हौशी प्रेक्षकांनी तिन्ही चित्रपट कापून चार तासांचा एकच करून टाकला. या अपेक्षाभंगाचा परिणाम मागे पोहोचला : २००१–०३ च्या चित्रपटांवर नाके मुरडणारे अनेक वाचक त्यांच्याविषयी मवाळ झाले.

२०२२ मध्ये टॉल्कीन यांच्या परिशिष्टांवर आधारलेली ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ ही मालिका आली, तेव्हा आखूड केसांच्या एल्फांवरून बरीच नापसंती व्यक्त झाली. एल्फ कसे दिसतात याविषयीची ही अपेक्षा मुख्यतः जॅक्सन यांच्या चित्रपटांनी रुजवली होती. पडद्यावर लांब सोनेरी केसांनी प्रसिद्ध झालेल्या लेगोलासच्या केसांचा रंग कादंबरीत कोठेही स्पष्ट सांगितलेला नाही.