गुलाबाच्या बुंध्याची गाठ

ऑक्टोबरच्या छाटणीला आमच्या परळच्या गॅलरीतल्या गुलाबाची माती उकरली, तर कलमाच्या जोडाखाली सुपारीएवढी गाठ. तपकिरी, खडबडीत, नखाने दाबली तर बुचासारखी. शेजारच्या काकू म्हणाल्या, “कापून टाक आणि हळद लाव.” तसंच केलं. दोन महिन्यांत गाठ परत आली, आधीपेक्षा मोठी.

ती परत येणारच होती. ॲग्रोबॅक्टेरियम हा मातीतला जिवाणू खुरपी, कात्री किंवा कलमाच्या जखमेतून आत शिरतो आणि आपल्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत घालतो. तो तुकडा पेशीच्या स्वतःच्या डीएनएत बसला, की पेशी वाढीची संप्रेरकं बेसुमार बनवते, शिवाय जिवाणूला लागणारं खास अन्नही. 1940च्या दशकात अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ आर्मिन ब्राउन यांनी हे आपल्या ओळखीच्या सदाफुलीवर पडताळलं. गाठ आलेली झाडं सुमारे 46 अंशांवर ठेवून त्यांनी आतले जिवाणू मारले. गाठ तरीही वाढत राहिली. म्हणून अँटिबायोटिकची पुडी इथे कामाची नाही. जिवाणू मेला तरी पेशींना मिळालेला हुकूम कायम राहतो.

झाड लगेच मरत नाही, फुलंही देतं, आणि म्हणूनच ते टाकवत नाही. पण शेजारी दुसरे गुलाब असतील, तर हे रोगट झाड मुळं-मातीसकट पिशवीत बांधून काढा. सोसायटीच्या खताच्या ड्रममध्ये तर मुळीच नको. हे जिवाणू मातीत काही वर्षं तग धरतात. माती टाकायची नसेल, तर तिच्यात गवती चहा किंवा कर्दळ लावा. एकदल वनस्पतींना हा रोग सहसा होत नाही. (बारीक मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील, तर तो बहुधा सूत्रकृमींचा, म्हणजे मातीतल्या सूक्ष्म किड्यांचा, प्रताप, त्याचा इलाज वेगळा.)

खरा बचाव खरेदीच्या वेळीच. नर्सरीत किंवा राणीच्या बागेतल्या प्रदर्शनात फुलाआधी बुंधा बघा. माती जरा बाजूला सारून डोळा भरलेली जागा, म्हणजे कलमाचा जोड, बोटाने चाचपा. फुगवटा लागला तर ते रोप ठेवून द्या. घरी खुरपी बुंध्यापासून लांब चालवा आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना सिकेटर (छाटणीची कात्री) 70 टक्के अल्कोहोलने पुसा.

माझ्या त्या कुंडीत आता गवती चहा आहे. नवा गुलाब नव्या मातीत, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला.