फिशरच्या ऑपरेशननंतर शौचावरचा ताबा जातो का?

फिशर म्हणजे गुदद्वाराच्या आतल्या त्वचेला पडलेली चीर. ‘फिशरचं ऑपरेशन केलं की शौचावरचा ताबा कायमचा जातो’ हा समज मुख्यतः जुन्या पद्धतीतून आला. तेव्हा भूल देऊन बोटांनी गुदद्वार जोरात ताणत. स्नायू कुठे आणि किती फाटेल, यावर कुणाचाच ताबा नसे.

आज होते ती लॅटरल इंटर्नल स्फिंक्टेरोटॉमी, म्हणजे आतल्या स्नायूला बाजूने दिलेला मोजका छेद. गुदद्वाराला दोन वर्तुळाकार स्नायू असतात. आतला आपोआप आवळलेला राहतो; जुन्या फिशरमध्ये तो जास्तच आवळतो, रक्तपुरवठा घटतो, म्हणून जखम भरत नाही. बाजूने त्याचाच खालचा भाग, साधारण फिशरच्या लांबीइतका, कापतात. बाहेरच्या, आपल्या इच्छेने आवळता येणाऱ्या स्नायूला हात लावत नाहीत. नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांची जखम भरते.

धोका शून्य आहे, असं मात्र कुणी सांगितलं तर तेही खोटंच. काहींना वायू रोखता येत नाही, कपड्यांना डाग पडतात. बऱ्याचदा हे काही आठवड्यांत कमी होतं. घट्ट शौच नकळत होणं विरळ, सुमारे शंभरात एक.

खरा प्रश्न रुग्ण निवडण्याचा. बाळंतपणात स्नायू फाटलेला असेल, आधी तिथे शस्त्रक्रिया झाली असेल, सतत जुलाब किंवा क्रोन्स आजार (आतड्यांना दीर्घकाळ सूज येणारा आजार) असेल, तर स्नायू कापण्याआधी एंडोएनल सोनोग्राफी, म्हणजे गुदद्वाराच्या आतून स्नायूंची तपासणी, करावी. बोटॉक्स (स्नायू तात्पुरता सैल करणारं इंजेक्शन) किंवा फ्लॅपचा (शेजारची त्वचा सरकवून जखम झाकण्याचा) पर्याय असतो. इतरांनीही आधी आतला स्नायू सैल करणारं २ टक्के डिल्टियाझेम मलम दिवसातून दोनदा, ६ ते ८ आठवडे लावून पाहावं.