माडीची फळी का कुरकुरते आणि ती गप्प कशी करायची

जुन्या वाड्याच्या माडीवर पाय ठेवला की फळी कुरकुरते. लाकूड कुजलं असेल अशी शंका येते, पण बहुतेक वेळा फळी फक्त कडीपासून, म्हणजे खालच्या आधाराच्या लाकडी तुळईपासून, सुटलेली असते. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आणि जाडीत आकसतं. सागाच्या 20 सेंमी रुंद, आडव्या कापाच्या (खोडाच्या वलयांना समांतर कापलेल्या) फळीतला ओलावा 4 टक्क्यांनी उतरला, तर ती सुमारे दीड मिलिमीटरने अरुंद होते. साग बहुतेक लाकडांपेक्षा कमी आकसतो-फुगतो, तरी एवढं होतंच. खिळ्याची पकड ढिली पडते आणि फळी नि कडी यांच्यात फट राहते. मग प्रत्येक पावलाला फळी खालीवर होते आणि खिळ्याच्या दांड्यावर किंवा शेजारच्या फळीच्या कडेवर घासते. हे घासणं सलग नसतं. कड क्षणभर चिकटते, ताण वाढला की निसटते, पुन्हा चिकटते. सारंगीच्या तारेवर गज हेच करतो. पावसाळ्यात लाकूड फुगून फट भरते, म्हणून कुरकुर कमी होते. दुरुस्ती उन्हाळ्यात करावी, तेव्हा फट पूर्ण उघडी असते.

एकाने वर हळूहळू चालावं, दुसऱ्याने खालून पाहावं. जिथे फळी हलते तिथे खडूने खूण करा. त्याच वेळी कडीचं भिंतीतलं टोक पेचकसाने टोचून बघा. पेचकस सहज आत गेला, तर वाळवी किंवा कूज आहे. तिथे सुतारच हवा.

खालून हात पोचत असेल तर फटीत पातळ सागवानी पाचर गोंद लावून हाताने सरकवा. हातोडीने ठोकली तर फळी वर उचलली जाते आणि शेजारी नवी फट पडते.

वरून करायचं तर स्क्रू. 25 मिमी जाडीच्या फळीला 8 नंबरचा, 60 ते 65 मिमी लांब, शक्यतो स्टेनलेस स्टीलचा. दमट हवेत साधं लोखंड गंजतं. फळीत 4.5 मिमीचं छिद्र पाडा, कडीत 3 मिमीचं. खरी चूक होते ती इथेच. फळीतलं छिद्रही बारीक ठेवलं, तर स्क्रूचे आटे फळी आणि कडी दोन्ही धरतात, फट आहे तशीच राहते आणि कितीही आवळलं तरी फळी खाली येत नाही. वरचं छिद्र सैल असेल तरच डोकं फळीला ओढून कडीवर बसवतं. आवळताना फळीवर कुणीतरी उभं राहावं. आट्यांना मेण लावा, म्हणजे सागात स्क्रू तुटत नाही. साबण नको, तो ओल धरतो.

दोन फळ्यांच्या कडाच घासत असतील तर फटीत टाल्कम पावडर झटकून पुरते, पण काही महिन्यांनी पुन्हा टाकावी लागते. तेल मात्र घालू नये: डाग पडतो, धूळ धरते आणि पुढे गोंद बसत नाही. फळ्यांमधली फट पाचरीने घट्टही भरू नका. आषाढात फुगलेल्या फळ्यांना जागा उरत नाही आणि त्या उचलल्या जातात.