भाड्याच्या घरात लागलं, तर घरमालक सुटतो?

‘भाड्याच्या घरात पडलं-लागलं तर घरमालकाचा संबंध नाही’ हा मेसेज जुनाच. पटतो, कारण प्रत्येक अपघातात मालक दोषी नसतोच. ओल्या हाताने स्वतःच्या कूलरला हात लावला, तर चूक आपली. पण नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात जिन्याचा कठडा महिनाभर हलतोय, मालकाला सांगूनही झालंय, आणि एक दिवस तोच हातात आला तर? तिथे निष्काळजीपणा दाखवून दिवाणी न्यायालयात भरपाई मागता येते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम १४ स्वतः वाचा. उलट करार नसेल, तर दुरुस्ती मालकाकडे. (म्हणून आधी करारनामा बघा.) किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही वाजवी वेळेत काही झालं नाही, तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. कठड्याचा फोटो, तक्रारीचा मेसेज, दवाखान्याची बिलं मात्र जपून ठेवा.