मासा आहे, पण चोचीत मावत नाही

उजनी धरणाचं पाणी मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खाली, गेलं की सोलापूरकरांच्या पोटात गोळा येतो आणि तिकडे करमाळ्याच्या केत्तूर भागात, गाळपेराच्या (पाणी ओसरल्यावर उघड्या गाळावर केलेल्या शेतीच्या) कडेला, पक्ष्यांची पंगत बसते. तिथंच एका सकाळी नदी सुरय हा पक्षी पाहिला. हवेत जागच्या जागी फडफडला, सूर मारला, वर आला तो चोचीत तळहाताएवढी चिलापी (तिलापिया मासा) घेऊन. पाठीवरचा काट्यांचा पंखा ताठ उभा. सुरयनं तिला दोनतीनदा उलटवून पाहिलं, मान झटकली आणि सोडून दिली. होडीवाला म्हणाला, "चिलापी हाय ती. काटा आडवा आला की सोडून देतंय."

मासे कमी झाले म्हणून पक्षी कमी झाले, असं आपण सरसकट म्हणतो. ते खरं आहे, पण अर्धंच. कोणता मासा, केवढा, किती खोलीवर आणि पिल्लं घरट्यात असताना मिळतो की नाही, यावर बाकीचं अर्धं ठरतं. सुरय आणि कुरव (सीगल) हे मुळात समुद्रपक्ष्यांच्याच गोतातले, त्यामुळे उजनीकडे बघण्याआधी समुद्राकडे वळायला हवं.

सगळ्यात ठसठशीत उदाहरण पेरूचं. तिथल्या किनाऱ्यावर अँकोव्हेटा नावाचा छोटा मासा अफाट. त्यावर जगणारे पाणकावळे, बूबी आणि पेलिकन बेटांवर विष्ठेचे थर रचत. ते ग्वानो नावाचं खत. १९०९ पासून सरकारी कंपनीनंच ही बेटं राखली. पक्ष्यांवरच्या प्रेमापोटी नव्हे, खतापोटी! १९५० च्या दशकात हे पक्षी दोन कोटींच्या वर होते. मग त्याच माशाची भुकटी करून कोंबड्या-डुकरांना घालण्याचा धंदा उभा राहिला. १९७० मध्ये एका वर्षात सव्वा कोटी टनांच्या आसपास मासळी काढली गेली. एल निनोच्या वर्षी गार पाण्यावर उबदार पाण्याचा थर चढतो आणि मासा खोल जातो. पूर्वीही पक्षी अशा वर्षी मरत, पण पुढं पुन्हा वाढत. आता १९६५ च्या एल निनोनंतर ते पूर्वीसारखे सावरलेच नाहीत, कारण सावरण्यापुरता मासा जाळ्यांनी ठेवलाच नव्हता. १९७२ मध्ये तर मासेमारीच कोसळली.

उत्तर समुद्रातली गोष्ट आमच्या सुरयच्या जास्त जवळची आहे. तिथं सँड ईल हा पेन्सिलीएवढा, तेलकट मासा. किटीवेक नावाचा कुरव पाण्याच्या वरच्या थरातूनच तो उचलतो, खोल बुडी त्याला जमत नाही. त्यामुळे सँड ईल घटला तेव्हा किटीवेक आधी उपाशी राहिले. खोल जाणाऱ्या पक्ष्यांनी तग धरला. त्यात २००३ नंतरच्या काही वर्षांत ईशान्य अटलांटिकमध्ये नळीमाशांचं पेव फुटलं. चिवट, हाडकुळा, दोरीसारखा मासा. आईबाप तो आणून भरवत, पिल्लांना तो गिळवत नसे, काही गुदमरून मेली. अन्न समोर आणि घरट्यात उपासमार. ब्रिटननं आपल्या हद्दीतल्या उत्तर समुद्रात सँड ईलची मासेमारी बंद केली ती २०२४ मध्ये.

पक्ष्यांसाठी किती मासा सोडायचा, याचा हिशेब २०११ मध्ये मांडला गेला. सात सागरी परिसंस्था आणि चौदा जातींच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की मासळी तिच्या कमाल साठ्याच्या एक तृतीयांशाखाली गेली की पिल्लांची संख्या घसरते. २०१५ च्या अभ्यासानुसार नोंदी असलेल्या समुद्रपक्ष्यांची संख्या १९५० ते २०१० या काळात सुमारे सत्तर टक्क्यांनी घटली. त्यामागं मासेमारीबरोबर जाळ्यात अडकणं, बेटांवरचे उंदीर-मांजरं आणि प्रदूषणही आहे.

आता उजनी. १९६६ मध्ये पायाभरणी, १९८० मध्ये भीमा अडली आणि ११७ टीएमसीचं धरण झालं. नदीचं तळं झालं, तशी वाहत्या पाण्याची मासळी मागं पडली. रोहू-कटला साठलेल्या पाण्यात नीट वीण करत नाहीत, म्हणून त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडावी लागते. चिलापीला कुणी सोडायची गरज नाही. मूळची आफ्रिकेची, १९५२ मध्ये भारतात आणलेली ही जात अंडी तोंडात सांभाळते, पुण्याकडून येणाऱ्या घाण पाण्यातही तग धरते. मच्छीमारांची चूल आज बरीचशी तिच्यावरच चालते, त्यामुळे तिला नुसतं दूषण देणं मला पटत नाही.

तिचं पिल्लू सुरयला चालतं. पण बारीक आसाचं (भोकांचं) वडाप जाळं नेमकी तीच बारीक मासळी ओढून नेतं. पाणकावळ्याचं बरं चाललंय, तो बुडी मारून खोलवरचं गाठतो. सुरय वरच्या हातभर पाण्यावर अवलंबून, शिवाय अंडी उघड्या वाळूवर, पाणी चढलं की गेली. २०२० पासून धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत तो असुरक्षित ठरला आहे.

अलीकडे जाळ्यात सकर नावाचा मासा येतो. मत्स्यालयातून सुटलेला, अंगावर हाडाच्या ढाली. पोर्टो रिकोत तो गिळताना पेलिकन मेल्याची नोंद आहे. केत्तूरच्या काठावर त्या दिवशी सहा सकर वाळत पडले होते. होडीवाल्यानं जाळ्याचा फाटलेला आस मला बोट घालून दाखवला आणि सातवा त्यांच्यात भिरकावला.