सवयीनं काढलेला दुसरा कप

माझा एक जुना विद्यार्थी नाशिकच्या हौशी रंगभूमीवर नाटकं बसवतो. या खेपेस राज्य नाट्य स्पर्धेसाठी त्यानं घेतलेल्या नाटकातला नायक सातपूरच्या एका कारखान्यात फिटर आहे. सकाळी भाजीला म्हणून स्कूटीवरून गेलेली त्याची बायको घरी परत येत नाही. द्वारका चौकात अपघात होतो आणि दुपारपर्यंत सगळं संपतं. मागे उरतात तो आणि नऊ वर्षांची मुलगी. नाटकाच्या पुढच्या दोन तासांत हा माणूस दारूत बुडतो आणि मग हळूहळू काठाला लागतो. "सर, तुम्ही आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलंत. अशा वेळी मेंदूत काय होतं ते आम्हाला सांगा. खोटं काही दाखवायचं नाहीये," असं तो म्हणाला आणि मी पंचवटीत त्यांच्या तालमीला जाऊन बसलो.

पहिलाच प्रवेश अडला. तेरावं होऊन आठवडा उलटलाय, पाहुणे पांगलेत. नायक पहाटे उठून चहा टाकतो आणि फळीवरून दोन कप काढतो. नट कप काढतानाच हुंदका देत होता. मी म्हटलं, इथे रडू येणार नाही. कप काढताना त्याच्या काही लक्षातच आलेलं नाही. लक्षात येतं ते कप ओट्यावर ठेवल्यावर.

असं का, ते माकडांवरच्या एका प्रयोगातून चांगलं समजतं. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानं माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन तयार करणाऱ्या पेशींची स्पंदनं मोजली. दिवा लागला की थोड्या वेळानं माकडाला फळाचा रस मिळायचा. सुरुवातीला रस मिळाला की पेशी उसळायच्या. सवय झाल्यावर त्या दिवा लागताच उसळू लागल्या, आणि प्रत्यक्ष रस आला तेव्हा शांत राहिल्या, कारण तो येणार हे ठरलेलंच होतं. मग दिवा लावला, पण रस दिलाच नाही. रस यायचा त्या नेमक्या क्षणी पेशींची स्पंदनं नेहमीच्या पातळीच्याही खाली गेली. शुल्ट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली या सगळ्याची जी मांडणी केली तिचा गाभा असा, की मेंदू सतत पुढच्या क्षणाचा अंदाज बांधत असतो आणि डोपामिनच्या पेशी त्या अंदाजातली चूक कळवतात.

पंधरा वर्षांच्या संसारात असे किती दिवे लागून गेलेले असतात. फाटकाची कडी वाजली म्हणजे ती आली. कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणजे ती आतून गॅस बंद करायला सांगणार. रात्री कूस बदलली की हात तिच्या खांद्याला लागणार. यातलं काहीही त्या माणसानं ठरवून पाठ केलेलं नाही. म्हणून 'ती गेली' हे वाक्य त्याला पूर्ण समजलेलं असतानाही त्याचा हात दुसऱ्या कपाकडे जातो. वाक्य समजणं आणि अंदाज बदलणं ही मेंदूतली दोन वेगळी कामं आहेत. पहिलं एका फोनमध्ये होतं, दुसऱ्याला महिने लागतात.

नॉर्वेत मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या प्रयोगशाळेतलं २०१३ सालचं एक निरीक्षण मला फार जवळचं वाटतं. मेंदूत जागेचा नकाशा कसा तयार होतो यावरच्या कामासाठी या दोघांना पुढच्याच वर्षी जॉन ओकीफ यांच्यासोबत नोबेल मिळालं. उंदरांच्या पेटीत एक वस्तू काही काळ ठेवली आणि नंतर उचलून घेतली. तेव्हा मेंदूत अशा काही पेशी सापडल्या, ज्या वस्तू असताना गप्प होत्या आणि वस्तू नाहीशी झाल्यावर, उंदीर त्या रिकाम्या जागी आला की स्पंदू लागल्या. पुढचे कित्येक दिवस त्या तशाच स्पंदत राहिल्या. एखादी वस्तू इथे होती, याची नोंद ठेवणारी पेशीच मेंदूत आहे. उंदराच्या पेटीतली वस्तू आणि घरातलं माणूस यांत केवढं अंतर आहे ते मी जाणतो. तरीही हे तालमीत सांगितलं तेव्हा नायकाचं काम करणारा मुलगा बराच वेळ त्या रिकाम्या कपाकडे बघत राहिला. नंतर त्यानं तो प्रवेश एकही अश्रू न काढता केला आणि आम्हाला सगळ्यांना भरून आलं.

अॅरिझोना विद्यापीठातल्या मेरी-फ्रान्सिस ओकॉनर या मानसशास्त्रज्ञ शोकाकडे शिकण्याची एक प्रक्रिया म्हणूनच बघतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आई किंवा बहीण स्तनाच्या कर्करोगानं गमावलेल्या स्त्रिया होत्या. त्यांना गेलेल्या व्यक्तीचा फोटो दाखवून मेंदूचं चित्रण केलं, तेव्हा वेदनेशी निगडित भाग सगळ्यांच्याच मेंदूत जागे झाले. पण ज्यांचा शोक बराच काळ लोटूनही ओसरत नव्हता त्यांच्या मेंदूत आणखी एक भाग उजळला, न्यूक्लियस अॅकम्बन्स. बक्षिसाची ओढ लावणारा हा भाग आहे. त्यांचा मेंदू अजून वाट बघत होता. दारूची तल्लफही याच भागातून उठते, हे पुढे कामाला येईल.

आजारपणात माणूस जातं तेव्हा घरच्यांच्या मेंदूला थोडी तरी तालीम मिळालेली असते. खाट हॉलमध्ये येते, औषधांच्या वेळा ठरतात, तिच्या हातचं जेवण आधीच बंद झालेलं असतं. अपघातात यातलं काहीच होत नाही. सकाळी सातचे सगळे अंदाज जसेच्या तसे शिल्लक असतात आणि माणूस नसतं. शरीरालाही हा धक्का पेलत नाही. हृदयविकाराचा झटका आलेल्या सुमारे दोन हजार रुग्णांच्या २०१२ सालच्या अमेरिकन अभ्यासात दिसलं, की जवळचं माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या २४ तासांत झटक्याचा धोका नेहमीच्या २१ पट होता. म्हणूनच अशा घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या का, हे कुणीतरी आठवणीनं विचारायला हवं.

दुसरा प्रश्न नटानंच विचारला. "सर, हा माणूस आधी कधी पीत नव्हता. मग अचानक का पितो?"

नाटकात कारखान्यातले दोघे मित्र क्वार्टर घेऊन येतात. "वहिनी गेल्यापासून डोळ्याला डोळा नाही बिचाऱ्याच्या, झोप तरी लागेल," असं म्हणतात. त्यांच्या मनात वाईट काही नाही. आणि पहिल्या रात्री त्याला खरोखरच बरं वाटतं, हे नाटकात लपवू नका असं मी सांगितलं. बरं का वाटतं, याचं उत्तर जाक पँकसेप यांनी १९७० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत आहे. आईपासून दूर केलेली कुत्र्याची पिल्लं, कोंबडीची पिल्लं, गिनीपिग, सगळे आकांत करतात. गुंगीही येणार नाही इतकं थोडं मॉर्फिन दिलं की तो आकांत थांबतो. आपलं माणूस जवळ असण्याची ऊब मेंदू स्वतःच्या अफूसारख्या रसायनांनी, एन्डॉर्फिननी निर्माण करतो. ताटातुटीत ती आटते. आणि दारू पोटात गेल्यावर माणसाच्या मेंदूत एन्डॉर्फिन स्रवतात, तेही न्यूक्लियस अॅकम्बन्समध्येच, हे २०१२ साली मेंदूच्या चित्रणातून दाखवलं गेलं. याशिवाय दारू गाबा या शांत करणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेट या उत्तेजित करणाऱ्याचा कमी करते. थोडक्यात, ज्या कुलपाला माणसाची सोबत लागते त्याच कुलपाला ही बनावट किल्ली तात्पुरती लागून जाते. देशी असो, व्हिस्की असो की आपल्या गंगापूर धरणाकाठच्या द्राक्षांची वाईन, इथेनॉलचा रेणू एकच असतो.

पण झोपेचं काय होतं ते बघा. दारूमुळे डोळा लवकर लागतो, मात्र रात्रीच्या पूर्वार्धातली स्वप्नांची झोप कमी होते, आणि उत्तररात्री दारू उतरली की माणूस टक्क जागा होतो. दिवसभराच्या भावनिक आठवणी लावून ठेवण्याचं बरंचसं काम झोपेतच होत असतं. अमेरिकेत अँड्र्यू होम्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली उंदरांवर केलेला एक प्रयोग इथे फार बोलका आहे. एक आवाज झाला की सौम्य विजेचा झटका बसतो, हे उंदरांना शिकवलं. नंतर आवाज चालू ठेवला आणि झटका बंद केला. साधे उंदीर काही वेळानं सावरले. ज्यांना त्याआधी कित्येक दिवस दारूच्या वाफेत ठेवलं होतं ते मात्र आवाज झाला की थिजतच राहिले. जुना अंदाज आता लागू नाही, हे शिकणंच त्यांना जड झालं होतं, आणि त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागातल्या पेशींचा आकारही बदललेला दिसला.

आमच्या नायकाची खरी गोष्ट मला इथे सापडते. त्याच्या मेंदूला एकच काम आहे, तिच्याशिवायचे अंदाज नव्यानं बांधायचं. त्यासाठी रोज थोडं थोडं दुखणं भागच आहे, कारण तो चटका म्हणजेच अंदाज चुकल्याची नोंद असते. दारू ती नोंदच होऊ देत नाही. दोन वर्षांनी तो शुद्धीवर येतो तेव्हा बायको त्याच्यासाठी कालच गेलेली असते. गल्लीतले लोक म्हणतात, दोन वर्षं झाली, अजून याचं तेच. त्याची दोन वर्षं झालेलीच नसतात.

आणि एव्हाना तो दुःखासाठी पीत नसतो. मेंदूनं दारू गृहीत धरून आपला तोल फिरवलेला असतो: गाबाचं काम मंद, ग्लुटामेटचं तेज. त्यामुळे दारू नसली की हात कापतात, घाम फुटतो. नाटकाच्या पहिल्या खर्ड्यात नायक एका रात्री बाटली भिंतीवर फोडतो, खोलीला आतून कडी लावतो आणि सकाळी मोकळा होऊन बाहेर येतो. मी या प्रवेशाला ठाम विरोध केला. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी दारू तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, भास, ताप आणि प्राणघातक अवस्था येऊ शकते. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं असतं. तिथे गोळ्या असतात, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं असतात. पुढे तल्लफ कमी करणारं नाल्ट्रेक्सोनसारखं औषधही आहे. ते त्याच एन्डॉर्फिनच्या कुलपावर झाकण बसवतं. प्रेक्षागृहात बसलेल्या एखाद्या मुलानं हा प्रवेश पाहून वडिलांना खोलीत कोंडलं तर? दिग्दर्शकानं प्रवेश काढला. व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीचा टेली-मानसचा १४४१६, हे दोन्ही सरकारी क्रमांक आता नाटकाच्या पत्रिकेवर छापले जाणार आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कसलेतरी उपचार मिळतात.

राहिला शेवट. दिग्दर्शकानं शोकाच्या पाच पायऱ्यांवर पाच प्रवेश बेतले होते: नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली या पायऱ्या मांडल्या त्या मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या, आणि कुणाचाही शोक असा जिना चढत जात नाही. मार्गारेट श्ट्रोबे आणि हेन्क शुट या नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी १९९९ साली मांडलेलं चित्र मला जास्त खरं वाटतं. माणूस झोके घेत असतो. आज तिची साडी छातीशी धरून बसतो, उद्या गॅसचं कार्ड आपल्या नावावर करायला जातो. दोन्ही लागतं. बहुतेक जण असे हेलकावे खात सावरतात. दहातल्या साधारण एकाचा शोक गोठून राहतो आणि त्याला मदतीची गरज असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान मिळालं आहे, त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत धरून.

दारू सुटण्याचंही असंच आहे. जुनी शिकवण पुसली जात नाही, तिच्यावर नवी लिहिली जाते. जुनी जागा, जुना वास, जुनी तारीख समोर आली की खालची अक्षरं वर दिसतात. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रात राहून आल्यावरही पाठपुरावा का लागतो, १९३५ पासून चालत आलेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांना लोक दारू सोडून वीस वर्षं झाली तरी का जातात, ते यावरून कळावं. सोबत मिळाली की ते कुलूप पुन्हा खऱ्या किल्लीनं उघडू लागतं, असं मला वाटतं.

म्हणून मी सुचवलं, नायकाची घसरण शेवटाच्या जवळ येऊ दे. बायकोच्या श्राद्धाला तो मुलीला घेऊन गंगेवर जातो. रामकुंडापाशी पिंड ठेवलाय, कावळा शिवत नाही, गुरुजी थांबलेत. आठ महिने न प्यायलेला हा माणूस त्या रात्री पितो. दुसऱ्या दिवशी तो कुणाला तरी फोन करून एवढंच सांगतो, "काल घेतली." दिग्दर्शकाला भीती वाटत होती, प्रेक्षक म्हणतील सगळं पाण्यात गेलं. आठ महिन्यांत मेंदूनं जे बांधलंय ते एका रात्रीत मोडत नाही, हे मी त्याला सांगितलं. मात्र तो फोन लगेच व्हायला हवा.

आता शेवटचा प्रवेश असा आहे. शाळेची रिक्षा खाली हॉर्न देतेय. ओट्यावर एक कप चहा आणि एक पेला दूध. नायक मुलीची वेणी घालतोय. मुलीचं काम करणारी चिमुरडी तालमीत नटाला तीन पेड कसे धरायचे ते शिकवते. गेल्या रविवारी त्याची वेणी रिबिनीपर्यंत पोचली आणि सुटली. "काका, घट्ट धरा ना," असं म्हणून ती पुन्हा पाठ करून बसली.